वजन घटवायच्या गोळीनं छाती धडधडली, तर डबा फेकू नका

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची दुसरी वेचणी चालू होती. माझी धाकटी जाऊ धुऱ्यावर बसली, छातीवर हात दाबला आणि म्हणाली, "ताई, एक पात वेचली का मले दम भरून येते. रात्री तर डोयाले डोया लागत नाही." मला वाटलं रक्त कमी झालं असेल. इकडं बाई थकली की पहिला विचार तोच येतो आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. दोन दिवसांनी तिनं साड्यांच्या घडीतून एक पांढरा डबा काढला. त्यावर हिरव्या पानाचं चित्र, 'संपूर्ण आयुर्वेदिक', 'महिनाभरात ८ किलो कमी', आणि पत्त्याच्या जागी नुसतं एका शहराचं नाव. भावाच्या लग्नात बारीक दिसायचं म्हणून आठवडी बाजारातून घेतला होता. दीड महिना सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल चालू होती.

मी तालुक्याच्या गावी अठरा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिले आहे. नाडी पाहिली तर मिनिटाला एकशे वीसच्या घरात. बीपीचा वरचा आकडा एकशे सत्तर. मी घाबरले, संतापले, आणि त्या संतापात म्हणाले, "फेक ते आधी." तिनं डबा चुलीत टाकला.

गोळी बंद झाल्यावर ती हळूहळू सावरली. पण तक्रार करायला गेलो, तेव्हा हातात काही नव्हतं. बिल नाही, बॅच नंबर नाही, डबा नाही. औषध निरीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माल कुठं आहे?" माझ्या त्या एका वाक्यानं तिची तक्रार तिथंच संपली. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी जीव: पहिल्या दिवशी काय करायचं

गोळी बंद करा. फक्त तीच गोळी. बीपी, साखर, थायरॉइड, फिट यांची डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं स्वतःच्या मनानं बंद करू नका. घाबरलेली माणसं सगळीच पिशवी बाजूला ठेवतात आणि त्यातून नवं दुखणं ओढवतं.

छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, बोलणं अडखळत असेल, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल, किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर १०८ ला फोन लावा. सकाळची एसटी येईपर्यंत थांबू नका. अंग तापलंय, घाम थांबत नाही, आणि गोळीची पूड पिवळी होती, तरीही तसंच निघा. त्याचं कारण पुढं येईल.

त्रास एवढा नसेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीपी, नाडी आणि ईसीजी तिथं होतो. दम लागत असेल, पायावर सूज असेल, पाठीवर झोपलं की घुसमटत असेल, तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो. त्यासाठी जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी मागून घ्या. थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी, रक्तातलं पोटॅशियम आणि लिव्हरच्या तपासण्याही डॉक्टरांना विचारा. अशा डब्यांत थायरॉइडचं हार्मोन किंवा लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं सापडतं. लघवीच्या औषधानं काटा दोन-तीन किलो खाली येतो, पण ते नुसतं पाणी असतं. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याच्या उन्हात अशी गोळी खाऊन कोणी तेंदूपानाला गेलं, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांना गोळीबद्दल खरं सांगा. बाया लाजतात, नवऱ्याला कळेल, सासू बोलेल म्हणून लपवतात. मग केसपेपरवर 'अशक्तपणा' एवढंच येतं आणि लोहाच्या गोळ्या घेऊन परत. रक्त कमी असेलही, आपल्याकडच्या अनेक बायांना असतंच, सिकलसेलही आहे. पण ते असलं तरी गोळीचा दोष त्याच्याआड झाकला जातो. डॉक्टरांना विनंती करा की केसपेपरवर लिहा: अमुक नावाची वजन कमी करायची कॅप्सूल, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, दिवसाला इतक्या. हे एक वाक्य पुढं लाखमोलाचं ठरतं. कारण ते तुम्ही कोर्टाच्या विचारानं सांगितलेलं नसतं, आजारपणात सांगितलेलं असतं.

मन फार उदास होत असेल, जगायला नको वाटत असेल, तर तेही सांगा. वजनाच्या एका औषधाचा हाच दोष होता. टेली-मानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

कोणती औषधं बंद झाली आणि का

हा भाग नीट समजून घ्या, कारण दावा करताना 'काहीतरी वाईट होतं' एवढं पुरत नाही. कुठलं औषध कुठल्या अवयवाला इजा करतं हे जुळावं लागतं.

पहिलं नाव फेनफ्लुरामाइन. अमेरिकेत ते फेंटरमाइन नावाच्या दुसऱ्या औषधाबरोबर जोडीनं लाखो लोकांना दिलं गेलं, लोक त्या जोडीला फेन-फेन म्हणत. जुलै १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ बायांची माहिती जाहीर केली. त्यांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळायला लागल्या होत्या. सप्टेंबर १९९७ मध्ये फेनफ्लुरामाइन आणि त्याचं भावंड डेक्सफेनफ्लुरामाइन बाजारातून काढलं गेलं. भारतात १९९८ मध्ये दोन्हींवर बंदी आली. शरीरात या औषधाचं नॉरफेनफ्लुरामाइन बनतं. ते झडपेवर सेरोटोनिन या शरीरातल्याच रसायनाच्या एका ठरावीक जागी जाऊन बसतं आणि तिथल्या पेशी वाढायला लागतात. झडप जाड होते, नीट मिटत नाही, रक्त उलटं गळतं. काहींच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाबही वाढला, तो जास्त घातक. जितके जास्त दिवस औषध, तितका धोका अधिक. दिलाशाची गोष्ट ही की औषध थांबल्यावर बऱ्याच जणांची गळती पुढं वाढली नाही, काहींची कमीही झाली.

फ्रान्समध्ये बेनफ्लुओरेक्स नावाचं औषध १९७६ पासून मधुमेहाच्या नावाखाली विकलं जात होतं आणि बारीक होण्यासाठीही सर्रास लिहून दिलं जाई. त्याचंही शरीरात तेच नॉरफेनफ्लुरामाइन होतं. म्हणजे १९९७ नंतरही त्या देशात तोच माल वेगळ्या नावानं बारा वर्षं चालला. ब्रेस्त शहरातल्या इरेन फ्राशों या फुप्फुसाच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या रुग्णांचे जुने कागद एकेक करून तपासले, झडपेचा आजार आणि हे औषध यांची सांगड घातली, आणि २००९ मध्ये ते बंद झालं. २९ मार्च २०२१ ला पॅरिसच्या न्यायालयानं सर्व्हिए या कंपनीला फसवणूक आणि मनुष्यहानीबद्दल दोषी धरलं. त्या लढ्याचा पाया म्हणजे दवाखान्यातले जुने केसपेपर.

दुसरं नाव सिब्युट्रामाइन. आपल्याकडं याचीच भीती सगळ्यात जास्त. भूक मारतं, पण नाडी आणि बीपी वाढवतं, तोंड कोरडं पाडतं, झोप उडवतं, शौचाला कडक होतं. माझ्या जावेची सगळी लक्षणं या यादीत बसत होती. अर्थात डबाच नसल्यामुळं ते सिब्युट्रामाइन होतं असं मी म्हणू शकत नाही. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला. त्यात औषध न घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात असे प्रसंग १० टक्के लोकांना आले, औषध घेणाऱ्यांमध्ये ११.४ टक्के. फरक छोटा वाटतो, पण हजार माणसांमागं चौदा घरं जास्त. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बंद झालं, भारतात फेब्रुवारी २०११ मध्ये बंदी आली. त्या अभ्यासातल्या लोकांना आपल्याला हृदयविकार किंवा मधुमेह आहे हे माहीत होतं. गावात किती जणांनी कधी ईसीजी काढलाय?

रिमोनाबांट हे उदासी आणि आत्महत्येच्या विचारांमुळं युरोपात २००८ मध्ये थांबलं, भारतात २००९ मध्ये बंद झालं. लोर्केसेरिन अमेरिकेत फेब्रुवारी २०२० मध्ये काढलं गेलं. ते घेणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण ७.७ टक्के दिसलं, न घेणाऱ्यांत ७.१.

आणि डीएनपी, म्हणजे डायनायट्रोफेनॉल. पिवळी पूड. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांतले कामगार ती हाताळून वाळत गेले, म्हणून १९३० च्या दशकात अमेरिकेत ती वजनाचं औषध म्हणून विकली गेली. माणसं अंगातल्या उष्णतेनं मेली आणि १९३८ मध्ये ती माणसाला देण्यास अयोग्य ठरली. हेच द्रव्य तणनाशक आणि कीटकनाशक म्हणूनही वापरलं गेलं आहे. फवारणीच्या विषबाधेनं २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यानं काय पाहिलं ते सगळ्यांना आठवतं. ही पूड इंटरनेटवरून आजही 'चरबी जाळणारी' म्हणून मागवली जाते आणि तिच्यावर उतारा नाही.

एक बारकावा. बंद झालं म्हणजे ते रसायन जगातून गेलं असं नसतं. फेनफ्लुरामाइन २०२० पासून अमेरिकेत लहान मुलांच्या एका कठीण फिट्सच्या आजारासाठी पुन्हा वापरात आलं, पण ठरलेल्या काळानं इको काढण्याच्या अटीवर. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालचं औषध आणि बाजारातला डबा यांना एकाच मापानं मोजू नका.

बंदी असून डब्यात येतं कसं

छापील यादीत ते नसतं. यादीत त्रिफळा, गुग्गुळ, गार्सिनिया असतं आणि कॅप्सूलमध्ये गुपचूप सिब्युट्रामाइन. जगभरातल्या औषध नियंत्रकांनी अशा 'नैसर्गिक' मालात ते पुन्हा पुन्हा पकडलं आहे. साधी खूण सांगते. खरं आयुर्वेदिक चूर्ण घेऊन दुसऱ्याच दिवशी भूक मरत नाही आणि रात्रभर टक्क जाग राहत नाही. असं झालं, तर आत दुसरं काहीतरी आहे असं समजा.

डब्यावर काय असायला हवं ते पाहा. आयुर्वेदिक औषध असेल तर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारखा. खाद्यपदार्थ म्हणून विकलेली पावडर असेल तर एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे. ज्या आजारांवर औषधानं उपाय होतो अशी जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे भिंतीवरचं 'वजन कमी करा, खात्रीशीर औषध' हे पोस्टरच गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतं. त्याचा फोटो काढा.

पुरावा: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या जावेनंतर दोन वर्षांनी शेजारच्या तालुक्यातली एक बाई माझ्याकडं आली. तिचंही तसंच. पण तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी डबा फेकू दिला नव्हता. "बियाण्याची पिशवी कोनी फेकते काय? उगवलं नाही त मंग दाखवाचं काय?" असं म्हणाले. बोगस बियाण्याच्या तक्रारीसाठी पिशवी, टॅग आणि बिल जपावं लागतं हे आपल्या शेतकऱ्याला अनुभवानं माहीत आहे. इथं तेच करायचं.

डब्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा: झाकण, तळ, बॅच नंबर, बारीक अक्षरं. उरलेल्या कॅप्सूल मोजा आणि आकडा लिहून ठेवा. कॅप्सूल उघडून पाहू नका, चाटून तर अजिबात नाही. डबा आहे तसा कोरड्या स्टीलच्या डब्यात ठेवा, पत्र्याखालच्या उष्णतेत नको. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवा. त्यावर तारीख आणि दोन माणसांच्या सह्या घ्या, शक्यतो घरच्यांखेरीज कोणाच्या. पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, शिक्षक चालतील. हा काही सरकारी पंचनामा नव्हे, पण 'तुम्हीच काहीतरी मिसळलं' या पहिल्या आरोपाला उत्तर होतो. त्या बाईच्या पट्टीवर पाच सह्या होत्या आणि सासऱ्यांचा अंगठा. दुसरा न उघडलेला डबा घरात असेल तर तो सोन्यासारखा जपा, उघडलेल्यापेक्षा त्याला फार जास्त वजन आहे.

खरेदीचं काय? बिल नसतंच. मग फोनपे किंवा बँकेच्या पासबुकातली नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, आवाजी संदेश, विकणाऱ्याचं व्हिजिटिंग कार्ड. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज डिलीट करू नका आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणं अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतात. आठवडी बाजारातल्या विक्रेत्याचं नाव-गाव माहीत नसेल, तर बाजार वसुलीच्या ठेकेदाराकडं किंवा ग्रामपंचायतीत विचारा, जागेची पावती कोणाच्या नावानं फाटते ते तिथं कळतं.

एक वही करा. कधी सुरू केली, कधी बंद, काय त्रास झाला, कुठं दाखवलं, किती खर्च, किती मजुरी बुडाली. तारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर, सोयाबीन निघालं होतं का, असं आठवा आणि मग कॅलेंडरवर ताडून तारीख लिहा. दिवसांची संख्या किती मोलाची असते याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९९ मध्ये तिथल्या फेन-फेनच्या कंपनीनं सुमारे पावणेचार अब्ज डॉलरचा समझोता मान्य केला. त्यात कोणाला किती मिळणार हे इकोच्या रिपोर्टवर आणि औषध ६० दिवसांपर्यंत घेतलं की ६१ दिवस वा जास्त, यावर ठरलं.

दवाखान्याचे कागद मागायला लाजू नका. खासगी डॉक्टरांनीही मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्याव्यात असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज लेखी द्या, आपल्या प्रतीवर सही-शिक्का घ्या.

तक्रार कुठं

तीन दारं आहेत आणि तिन्ही ठोठवा, एकामुळं दुसरं बंद होत नाही.

अन्न व औषध प्रशासन हे पहिलं. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्तांचं कार्यालय असतं, टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. विक्रेता अजून विकत असेल तर त्याच्याशी भांडायला जाऊ नका, तो माल हलवतो. निरीक्षकांना सांगा, ते पंचनामा करून नमुना घेतात आणि तो नमुना न्यायालयात टिकतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ प्रमाणं ग्राहक स्वतःही विकत घेतलेलं औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्याला नमुना १४-अ हा अर्ज लागतो. भेसळीच्या किंवा बनावट औषधानं मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्याचं सिद्ध झालं, तर कलम २७ खाली किमान दहा वर्षांची कैद आणि किमान दहा लाखांचा दंड आहे, आणि तो दंड पीडिताला किंवा त्याच्या वारसाला द्यायचा असतो. आयुर्वेदिक मालासाठी त्याच कायद्यात वेगळी कलमं आहेत, ती कुठली लागतील हे निरीक्षक ठरवतील. पावडर खाद्यपदार्थ म्हणून विकलेली असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ६५ मध्ये भरपाई आहे: मृत्यूसाठी किमान पाच लाख, गंभीर इजेसाठी तीन लाखांपर्यंत, बाकी इजेसाठी एक लाखापर्यंत.

दुसरं दार, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडं ती होते, फोन १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो. इथून पैसे मिळत नाहीत. पण बंदी येते ती अशाच नोंदी साठून. मेयोच्या त्या २४ बायांची नोंद झाली नसती, तर पुढचं काही घडलं नसतं.

तिसरं पोलीस. भेसळयुक्त औषध विकणं, एक औषध सांगून दुसरं देणं, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २७६ ते २७८ मध्ये गुन्हे आहेत. जीवाला धोका झाला असेल तर नक्की जा.

भरपाई: जिल्हा ग्राहक आयोग

अमेरिकेसारखा एकच मोठा समझोता आणि सगळ्यांना वाटप, असं आपल्याकडं होत नाही. इथं आपला दावा आपणच मांडायचा, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की हरियाणाची. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. नवऱ्यानं विकत घेतलं आणि बायकोनं खाल्लं तरी तीही ग्राहकच.

मुदत दोन वर्षं. इजा उशिरा कळली असेल, तर कारण कधी कळलं ते इकोच्या किंवा डॉक्टरांच्या कागदावरून दाखवा आणि उशीर माफीचा अर्ज सोबत जोडा. तरी दोन वर्षांच्या आत जाणंच बरं.

आधी विक्रेत्याला आणि कंपनीला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. सक्ती नाही, पण उत्तरात ते बरंच कबूल करून बसतात. मग तक्रार, शपथपत्र, कागदांची यादी, प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एकेक संच. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही भरता येते. अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तक्रारीत चार कड्या जुळल्या पाहिजेत: मी हा माल घेतला आणि खाल्ला, त्यात अमुक होतं, मला अमुक इजा झाली, ती त्याच्यामुळं झाली. दुसऱ्या कडीसाठी तक्रारीतच लिहा की नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. कलम ३८ मध्ये आयोगाला तो सीलबंद करून पाठवता येतो, खर्च आधी आपल्याला भरावा लागतो. चौथी कडी सगळ्यात कठीण, आणि विरुद्ध पक्षाचा वकील तिथंच घाव घालतो. आपल्याकडं लहानपणीच्या सांधेतापानं झडपा बिघडलेली माणसं पुष्कळ आहेत, तो म्हणेल हा त्याचाच परिणाम. सांधेतापाची झडप बहुधा कडांना चिकटून अरुंद होते, फेनफ्लुरामाइनची जाड होऊन गळते पण सहसा अरुंद होत नाही. इको करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना हा फरक रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. सिब्युट्रामाइन निघालं तर झडपेचा दावा करूच नका, तो टिकणार नाही. तिथं बीपी, नाडी, झटका, पक्षाघात यांवर भर द्या. गोळीच्या आधीचा बीपीचा एखादा आकडा, बाळंतपणातला किंवा शिबिरातला, सापडला तर फार उपयोगी.

कंपनीच सापडत नाही, पत्ता खोटा, असं नेहमी होतं. म्हणून कलम ८६ लक्षात ठेवा. बनवणारा कोण ते माहीतच नसेल किंवा त्याला नोटीस पोचत नसेल, तर विकणारा जबाबदार धरला जाऊ शकतो. '८ किलो कमी होणारच' अशी हमी त्यानं स्वतः दिली आणि ती खोटी ठरून इजा झाली असेल, तरीही तोच. बाजारातली बाई गरीब असते, तिला फाडून खायचं नाही, पण तिला माल पुरवणाऱ्या एजंटापर्यंत तिच्यामार्फतच पोचता येतं. एकाच एजंटाकडून गावातल्या दहा जणींनी घेतलं असेल, तर कलम ३५ प्रमाणं आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांची मिळून एक तक्रार करा. खर्च वाटला जातो आणि एकटीवर दबाव येत नाही.

मागणी करताना उपचार, प्रवास, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी, वेचणीचे गेलेले दिवस, मानसिक त्रास, पुढचा उपचार हे सगळं वेगवेगळं लिहा. वेचणीचा हिशेब किलोवर असतो, शेतमालकाची वही किंवा रोजगार हमीचं जॉब कार्ड जोडा. घरकाम आणि ढोरांचं करणं बंद पडलं तेही लिहा. त्याला पैसा मिळत नाही म्हणून ते फुकट नसतं.

वकील हवा आणि पैसे नाहीत? महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना राज्यात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती किंवा १५१०० वर फोन.

'अमेरिकेत खटला चाललाय, तुमची भरपाई काढून देतो, आधी पाच हजार भरा' असे फोन येऊ शकतात. एक रुपयाही देऊ नका, आधारची झेरॉक्सही नको. तिथला १९९९ चा समझोता तिथं औषध घेणाऱ्यांसाठी आणि ठरावीक मुदतीचा होता. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात. तारखांना जा, नाहीतर गैरहजेरीत तक्रार निकाली निघते. मध्येच कोणी गावात येऊन दहा हजार घ्या आणि मिटवा म्हणेल. कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि मिटवायचंच असेल तर ते आयोगासमोर, मध्यस्थीतून, लेखी करा. निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडं अपील, त्याचं खंडपीठ नागपूरला बसतं, मुंबई गाठावी लागत नाही. बाजूनं लागला आणि तरी समोरचा पैसे देत नसेल, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७२ खाली त्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान २५ हजारांचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा अर्जही विधी सेवा समितीचा वकील मोफत करून देतो, निकालाची प्रमाणित प्रत तेवढी बरोबर न्या.